'ट्रम्प यांची प्रतीक्षा': मिनिटं कोणाला मिळतात आणि का

१५ मार्च २०१६ ची रात्र आहे. अमेरिकेत पाच राज्यांच्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, निकाल येतायत आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढणारे बर्नी सँडर्स अॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात, हजारो लोकांसमोर भाषणाला उभे राहिलेत. आता टीव्हीवर त्याच वेळेला काय चाललं होतं बघा. सीएनएन, फॉक्स न्यूज, एमएसएनबीसी, तिन्ही चॅनलवर स्टुडिओत बसलेले तज्ज्ञ गप्पा मारतायत आणि खाली पट्टी आहे, ट्रम्प यांची प्रतीक्षा. ट्रम्प अजून आलेले नाहीत, ते फ्लोरिडात त्यांच्या मार-अ-लागो क्लबमध्ये थोड्या वेळाने बोलणार आहेत. सँडर्स बोलतायत, प्रत्यक्ष, आत्ता, आणि तिघांपैकी एकानेही ते भाषण दाखवलं नाही.

आता कोणी म्हणेल की सँडर्स त्या रात्री हरतच होते. हो, हरत होते, पाचही राज्यं हिलरी क्लिंटन यांनी घेतली, मिझुरी तर अगदी काठावर. पण रिपब्लिकन पक्षात ट्रम्प यांच्याविरुद्ध उभे असलेले मार्को रुबिओ त्याच रात्री स्वतःच्या राज्यात, फ्लोरिडात, हरून शर्यतीतून बाहेर पडले, त्यांचं भाषण दाखवलं की. म्हणजे हरणाऱ्याला दाखवायचं नाही असा काही नियम नव्हता.

मीडिया बायस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच खोटी बातमी येते, नाहीतर ओरडणारा अँकर येतो, अमुक चॅनल डावं तमुक चॅनल उजवं अशी भांडणं येतात. ते सगळं आहेच. पण अध्यक्षपदाच्या निवडणुकीत खरा कल कुठून दिला जातो तर मिनिटांमधून. कोणाला किती वेळ, कुठली क्लिप किती वेळा, कुठली बातमी पहिल्या पानावर. यात एकही शब्द खोटा नसतो, म्हणून पकडताही येत नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त गंभीर वाटतं.

अँड्र्यू टिंडल नावाचे एक विश्लेषक आहेत, ते वर्षानुवर्षं एबीसी, सीबीएस आणि एनबीसीच्या संध्याकाळच्या बातम्या बघून कुठल्या विषयाला किती मिनिटं मिळाली याचा हिशोब ठेवत आले. २०१५ च्या अख्ख्या वर्षात या तिन्ही चॅनलवर मिळून ट्रम्प यांना ३२७ मिनिटं मिळाली आणि सँडर्स यांना २०. क्लिंटन यांना १२१. हे प्रायमरीतलं एकही मत पडण्याआधीचं आहे हे लक्षात घ्या. मग मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मीडियाक्वांट या कंपनीचे आकडे छापले, तोपर्यंत ट्रम्प यांना जवळजवळ २०० कोटी डॉलरची फुकट प्रसिद्धी मिळाली होती आणि जाहिरातींवर त्यांचा स्वतःचा खर्च होता साधारण १ कोटी. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जेब बुश यांनी जाहिरातींवर ८ कोटींच्या वर ओतले आणि फेब्रुवारीतच घरी गेले.

ती फुकट प्रसिद्धी सगळी गोड होती असं नाही हां, त्यात भरपूर टीका होती. पण रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या सतरा जणांच्या गर्दीत लोकांना आधी तुमचं नाव ऐकू यावं लागतं, आणि रोज एकच नाव कानावर पडलं की बाकीचे सोळा जण काय म्हणतायत हे कोणाला कळणारच नाही.

असं का झालं याचं उत्तर शोधायला कुठल्याही गुप्त कटाची गरज नाही, कारण आतल्याच माणसाने ते उघडपणे सांगून टाकलं. फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत गुंतवणूकदारांच्या एका कॉन्फरन्समध्ये सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनवेस म्हणाले की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेलही कदाचित, पण सीबीएससाठी जबरदस्त चांगलं आहे. पैसा येतोय, असंही म्हणाले. केबल न्यूजचं गणित तर त्याहून सोपं. चोवीस तास भरायचे असतात, रिपोर्टर बाहेर पाठवून आरोग्य विम्यावर एखादी स्टोरी करायची तर दिवस जातात, पैसे जातात, आणि सभेसमोर कॅमेरा लावून ठेवला तर तासभर फुकट भरतो, वर हा माणूस पुढच्या मिनिटाला काय बोलेल याचा भरवसा नाही म्हणून लोक चॅनलही बदलत नाहीत. सीएनएनचे तेव्हाचे प्रमुख जेफ झुकर यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये हार्वर्डमध्ये मान्य केलं की सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही ट्रम्प यांच्या सभा बहुतेक जरा जास्तच, जशाच्या तशा दाखवल्या. पण तोवर प्रायमरी कधीच उरकली होती.

आता थोडं मागे जाऊया, २००४ मध्ये, कारण या सगळ्या विषयातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण तिथे आहे. १९ जानेवारी २००४, आयोवा राज्य, कॉकसचा, म्हणजे तिथल्या प्रायमरीसारख्या पक्षांतर्गत निवडीचा दिवस. हॉवर्ड डीन, व्हरमाँटचे माजी गव्हर्नर, इराक युद्धाला उघड विरोध करणारे, इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून आघाडीवर आलेले डेमोक्रॅटिक उमेदवार. त्या दिवशी ते तिसरे आले, जॉन केरी आणि जॉन एडवर्ड्स यांच्या मागे. रात्री वेस्ट डे मॉइनमधल्या एका बॉलरूममध्ये ते आपल्या कार्यकर्त्यांसमोर आले, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, समोर खच्चून गर्दी, बहुतेक तरुण पोरं, महिनोन् महिने घरोघर फिरून हरलेली. त्यांना उभारी द्यायला डीन एकेका राज्याचं नाव घेत गेले, साउथ कॅरोलायना, ओक्लाहोमा, अॅरिझोना, न्यू मेक्सिको, आवाज चढत गेला, आणि शेवटी व्हाइट हाउस परत घेऊ म्हणून एक आरोळी ठोकली.

त्या हॉलमध्ये ती आरोळी धड कोणाला ऐकूच आली नाही. गोंगाट इतका होता. तिथे उभ्या असलेल्या बऱ्याच पत्रकारांनाही काही वेगळं घडलंय असं वाटलं नाही. पण डीन यांच्या हातातला माइक हा फक्त तोंडासमोरचा आवाज पकडणारा, आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकणारा होता, आणि टीव्हीला आवाज जात होता तो थेट त्या माइकमधून. त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला काय दिसलं, तर एक लाल झालेला माणूस बऱ्यापैकी शांत खोलीत एकटाच वेड्यासारखा किंचाळतोय. नंतर गर्दीत उभ्या असलेल्या लोकांनी काढलेले व्हिडिओ पुढे आले, त्यात डीन यांचा आवाज गर्दीच्या आवाजात पार बुडून गेलाय. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच क्षणाची आणि दोन्ही खरी आहेत. इथे कोणी ध चा मा केला नव्हता.

पुढच्या चार दिवसांत राष्ट्रीय चॅनल्सवर ती क्लिप ६३३ वेळा वाजली. यात लोकल चॅनल्स धरलेली नाहीत, रात्रीचे कॉमेडी शो धरले तर विचारूच नका. पुढे एबीसीने माइकचा हा घोळ समजावून सांगणारी स्टोरी केली, सीएनएनच्या वरिष्ठांनीही आपण ती क्लिप जरा जास्तच वाजवली असं कबूल केलं, पण सारवासारव कधीच मूळ क्लिपइतक्या वेळा दाखवली जात नाही. डीन १८ फेब्रुवारीला बाहेर पडले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण हा किस्सा बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. डीन आरोळीमुळे आयोवा हरले नाहीत, ते आधीच हरले होते, आरोळी नंतरची आहे. त्यांच्या प्रचारात बाकीच्याही अडचणी होत्या. क्लिपने काय केलं, तर हरलेल्या माणसाला सावरायची जी संधी मिळते ती काढून घेतली. आयोवा हरूनही पुढे गेलेले उमेदवार आहेत ना, पण त्यांना पुढच्या आठवड्यात आपलं म्हणणं मांडता आलं होतं. डीन यांना त्या आठवड्यात फक्त एकच प्रश्न विचारला जात होता.

परत २०१६ कडे येऊ, कारण त्या वर्षी दोन्ही बाजूंना तक्रारीला जागा होती. २८ ऑक्टोबरला, मतदानाला अकरा दिवस उरले असताना, एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी संसदेला पत्र लिहिलं की क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाशी, म्हणजे परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी खाजगी सर्व्हर वापरल्याच्या चौकशीशी, संबंधित असू शकतील असे आणखी काही ईमेल सापडलेत. ६ नोव्हेंबरला त्यांनीच कळवलं की आमचा आधीचा निष्कर्ष बदललेला नाही. ८ ला मतदान. मधल्या दिवसांत काय झालं हे डंकन वॉट्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड या दोन संशोधकांनी नंतर मोजलं. मतदानाआधीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणांवर मिळून न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर जितक्या बातम्या आल्या, तितक्या फक्त ईमेलवर ६ दिवसांत आल्या. आणि हे लिबरल म्हणून ओळखलं जाणारं, क्लिंटन यांना अग्रलेखातून पाठिंबा दिलेलं वर्तमानपत्र. म्हणजे संपादकांचं मत एका बाजूला आणि पहिलं पान भलत्याच बाजूला. टिंडल यांच्या मोजणीत तर ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत तिन्ही मोठ्या चॅनल्सवर धोरणांना ३२ मिनिटं होती आणि ईमेलला १००. बत्तीस मिनिटं, दहा महिन्यांत, तीन चॅनल मिळून! आरोग्य विमा आणि हवामान यांना तर त्यात स्वतंत्र जागाच मिळाली नाही.

आणि ट्रम्प समर्थकांची तक्रार? तीही हवेतली नाही. हार्वर्डच्या शोरेन्स्टाइन सेंटरमध्ये थॉमस पॅटरसन यांनी जो अभ्यास केला त्यात शेवटच्या टप्प्यात ट्रम्प यांच्याबद्दलच्या बातम्यांचा सूर ७७ टक्के नकारात्मक निघाला, क्लिंटन यांच्याबद्दलचा ६४ टक्के. पण पूर्ण प्रचारकाळ धरला तर आकडे उलटे होतात, क्लिंटन ६२, ट्रम्प ५६. तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजता त्यावर कोणावर अन्याय झाला याचं उत्तर बदलतं, म्हणून दोघांचेही समर्थक हातात आकडे घेऊन भांडतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात. त्याच अभ्यासात धोरणांचा वाटा फक्त १० टक्के आहे, तर कोण पुढे कोण मागे यावर ४२ टक्के.

कानाडोळा करणं हा दुसरा प्रकार, आणि इथे जास्त करून रिपब्लिकन बाजूचं म्हणणं ऐकायला हवं. १४ ऑक्टोबर २०२० ला न्यूयॉर्क पोस्टने डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांचे चिरंजीव हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमी छापली. ट्विटरने ती लिंकच ब्लॉक केली, पोस्टचं अकाउंट जवळपास दोन आठवडे अडकून पडलं, बाकी मोठ्या वर्तमानपत्रांनी हात आखडता घेतला. त्यांची भीती समजण्यासारखी होती, २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातल्या लोकांच्या हॅक केलेल्या ईमेलच्या मागे धावून सगळे तोंडघशी पडले होते. पण मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट दोघांनीही त्यातले काही ईमेल खरे असल्याचं लिहिलं, आणि २०२४ मध्ये हंटर यांच्या खटल्यात तोच लॅपटॉप पुरावा म्हणून कोर्टात ठेवला गेला. आधी पडताळणी करतोय असं सांगून बातमी देता आली असती. ती सरळ दाबल्यामुळे ज्यांचा मीडियावर आधीच विश्वास नव्हता त्यांना आयुष्यभर पुरेल असं कारण मिळालं.

जो बायडन यांच्या वयाचंही तेच. जून २०२४ च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलने बंद दाराआड ते अडखळतायत अशी बातमी दिली तेव्हा व्हाइट हाउस आणि बरेच डेमोक्रॅट्स तिच्यावर तुटून पडले, म्हणे रिपब्लिकनांच्या सांगण्यावरून लिहिलंय. साधारण तीन आठवड्यांनी अटलांटातल्या डिबेटमध्ये कोट्यवधी लोकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. ज्या मतदारांनी प्रायमरीत त्यांना मत दिलं त्यांना हे आधी कळायला नको होतं का?

पूर्वी निदान रेडिओ-टीव्हीसाठी फेअरनेस डॉक्ट्रिन होतं, १९४९ पासून, वादाच्या विषयावर दोन्ही बाजू दाखवा म्हणणारं. १९८७ मध्ये ते काढलं. ते राहिलं असतं तरी केबलला लागूच नव्हतं, त्यामुळे सगळं खापर त्याच्या जाण्यावर फोडणं मला पटत नाही.

आणि आता २०२४ मधलं प्रकरण, जे २०२५ पर्यंत चाललं. सीबीएसच्या सिक्स्टी मिनिट्समध्ये बिल व्हिटेकर यांनी, बायडन यांच्या जागी उमेदवार झालेल्या कमला हॅरिस यांची मुलाखत घेतली, नेतान्याहू अमेरिकेचं ऐकत नाहीत का असा प्रश्न होता. आदल्या दिवशी सीबीएसच्याच दुसऱ्या कार्यक्रमात त्या उत्तराचा एक लांबलचक, गोल गोल फिरणारा तुकडा दाखवला होता, मुख्य कार्यक्रमात त्याच उत्तरातला दुसरा, छोटा आणि नेटका तुकडा आला. लोकांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि रान पेटलं. मुलाखत कापून छोटी करणं हे टीव्हीतलं रोजचं काम आहे, त्यात फसवणूक होती असं मला वाटत नाही, पण पूर्ण मजकूर पहिल्याच दिवशी लोकांसमोर ठेवायला हवा होता, तो बाहेर आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. तोवर ट्रम्प यांनी अब्जावधी डॉलरचा दावा लावला होता आणि ते अध्यक्षही झाले होते.

एप्रिलमध्ये सिक्स्टी मिनिट्सचे कार्यकारी निर्माते बिल ओवेन्स यांनी राजीनामा दिला, आता मला स्वतंत्रपणे निर्णय घेता येत नाहीत असं सहकाऱ्यांना लिहून. जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला, माफी न मागता. पॅरामाउंटचं स्कायडान्सबरोबर विलीनीकरण तेव्हा सरकारी मंजुरीसाठी अडकलेलं होतं. त्याच महिन्यात, २४ जुलैला, एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजुरी दिली, आणि नव्या मालकांनी न्यूजमधल्या पक्षपाताच्या तक्रारी बघायला एक माणूस नेमायचं कबूल केलं. म्हणजे पक्षपात झाला की नाही हे ठरवणारी व्यवस्था आता अशा सौद्यातून उभी राहिलीये ज्यात तक्रार करणारा उमेदवार स्वतः अध्यक्ष होता. पुढची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये आहे, आणि तिच्या प्रायमरीत कोणाला किती मिनिटं द्यायची हे याच न्यूजरूममध्ये ठरणार आहे.