लघुचित्रं शिकताना आधी दगडच हातात का देतात?

नमस्कार मंडळी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलाय. पण हरताळ म्हणजे काय? हरताळ हे पिवळं खनिज आहे. हाताने पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचे आणि अक्षर बुजवायचे. हाच हरताळ चित्रकाराच्या शिंपल्यात पिवळा रंग म्हणून असायचा. पिवळं पितांबर रंगवायचं तेही त्यानेच.

आज बोलायचंय लघुचित्रांच्या वर्गाबद्दल. मुघल, राजस्थानी, पहाडी आणि अहमदनगर-विजापूरची आपली दख्खनी शैली, या सगळ्यांमागचं तंत्र बरंचसं सारखं आहे. नवीन विद्यार्थी मला एकच प्रश्न सारखा विचारतात, “ताई, तीन आठवडे झाले, अजून रंगवायला दिलं नाही. वर्ग बदलू का?” माझं उत्तर आहे, बदलू नका. तिथे तुम्हाला खरी गोष्ट शिकवतायत.

(कॅमेरा टेबलावर)

हा कागद बघा. याला वसली म्हणतात. हातकागदाचे तीन-चार थर खळीने एकावर एक चिकटवायचे. खळीत थोडं मोरचूद घालायची पद्धत आहे, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय कशाला हात लावू नका. कागद वाळला की हा गुळगुळीत अकीक, म्हणजे घोटायचा दगड, घ्यायचा आणि घोटायचं. एकाच दिशेने, दाब सारखा ठेवून. हात भरून येतो, पण थांबायचं नाही. हे दोन तुकडे कॅमेऱ्याजवळ धरते. डावीकडचा न घोटलेला. यावर बारीक रेषेच्या कडा फुटल्यात, शाई तंतूंमध्ये पसरलीय. उजवीकडे तोच ब्रश, तोच हात, आणि रेषा केसासारखी. फरक घोटण्याचा आहे.

आता रंग. सुरुवात गेरूने करा. तो स्वस्त आहे, सहज मिळतो आणि निर्धोक आहे. खलात कुटायचा, पाण्यात ढवळायचा आणि क्षणभर थांबायचं. खडे आणि वाळू खाली बसते. वरचं लाल पाणी हलक्या हाताने दुसऱ्या वाटीत ओतायचं, परत ढवळायचं, परत ओतायचं. शेवटी तळाशी जो गाळ बसतो तो लोण्यासारखा लागतो. तोच आपला रंग. पिवडीचं, म्हणजे पिवळ्या मातीचंही असंच.

हिंगूळ, म्हणजे लाल रंगाचं खनिज, आणि हरताळ मात्र घरी कुटू नका. हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. वर्गातही मास्क लावूनच, आणि ओलं करूनच. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

रंग कागदावर टिकतो तो डिंकामुळे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. माझ्या पहिल्या चित्रात निळं आकाश मनासारखं उतरलं होतं. डिंक जास्त झालाय हे मला कळलंच नाही. घोटायला घेतलं आणि आकाशाचे पोपडे निघाले. त्या दिवसापासून मी प्रत्येक रंगाचा ठिपका आधी कोपऱ्यात लावते, वाळू देते आणि बोट फिरवते. बोटाला रंग आला तर डिंक कमी. ठिपका चकाकला किंवा तडकला तर जास्त. नीळ, काजळ, गेरू, प्रत्येकाची गरज वेगळी असते. त्यामुळे ‘अमुक चमचे डिंक’ असं मोजमाप मी कुणाला देत नाही.

ब्रशबद्दल थोडक्यात. मुंगसाच्या केसांच्या ब्रशवर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली बंदी आहे. कुणी दिला तरी घेऊ नका. चांगल्या कृत्रिम केसांचा शून्य नंबर पुरतो.

मग येते रेषा. एक गुडघा वर, त्यावर फळी, आणि पानभर नुसत्या रेषा. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात म्हटलंय की आचार्य रेषेची प्रशंसा करतात, तर सामान्य लोकांना रंगांची श्रीमंती आवडते. मला हे पटायला दोन वर्षं लागली. आज जुनं चित्र बघताना माझी नजर आधी हनुवटीच्या वळणावर जाते, घागऱ्याच्या रंगावर नंतर.

प्रत्यक्ष चित्राचा क्रम असा. गेरूच्या फिकट रेषेत आकृती. जुने चित्रकार पातळ कातड्यावर आकृतीचा खाका करायचे, त्याला सुईने भोकं पाडून कोळशाची पूड झिरपवायचे. आपण ट्रेसिंग कागद घेतो. मग पांढऱ्याचा इतका पातळ हात की खालची रेषा अंधूक दिसली पाहिजे. त्यावरून आकृती पुन्हा काढायची. मग सपाट रंग, पातळ थरांवर थर. आणि मग, घाई न करता, पर्दाज. म्हणजे ब्रशच्या टोकाचे बारीक बारीक फटकारे शेजारी शेजारी देत गालाला गोलाई आणायची. एका गालाला माझी अख्खी दुपार जाते.

वर्ग निवडताना शिक्षकांना एवढंच विचारा, “इथे रंग कुटायला शिकवता का?” पहिल्याच दिवशी तयार रंग आणि छापील आकृती मिळाली, तर घरी चित्र येईल, पण दुसरं चित्र स्वतःहून काढता येणार नाही.

आता हे बघा. हे चित्र काल रंगवून झालं, आणि रंग अजून मातकट दिसतोय. ते मी या संगमरवरी फरशीवर पालथं ठेवते आणि मागच्या बाजूने अकीकाने घोटते. आवाज ऐका... रंगाचे थर कागदात दाबले जातायत. झालं. आता उलटते. लाल बघा, आणि तो पिवळा.