एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार. सकाळच्या बातम्यांत ठाण्याच्या पावसाचा आकडा सांगितला की घोडबंदर रस्त्यावर राहणारा म्हणतो, आमच्याकडे तर रात्रभर कोसळत होता. नौपाड्यातला म्हणतो, इथे रस्तेही नीट भिजले नाहीत. दोघेही खरे बोलत असतात आणि आकडाही खरा असतो, पण तो जिथे पर्जन्यमापक बसवलेला आहे त्या जागेचा असतो.

पडलेले पाणी न वाहता, न मुरता, न आटता जागच्या जागी साचले असते, तर त्याची जी उंची भरली असती तो पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, की १०,००० लिटर पाणी, म्हणजे एक अख्खा टँकर, पन्हळीतून निघून जातो.

वेधशाळेत रोज सकाळी ८.३० वाजता निरीक्षक नरसाळ्याखाली जमलेले पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांसमोर धरतो आणि, कडेचे पाणी काचेला चिकटून किंचित वर चढलेले असल्यामुळे, मधल्या खोलगट भागाची रेघ वाचतो. हा हिशेब आदल्या दिवशीच्या ८.३० पासूनचा असतो. आज पहाटेची सरही त्यातच येते.

आता फरक का पडतो? जोरदार सरी देणारा ढग पुष्कळदा काही किलोमीटरच रुंद असतो आणि वाऱ्याबरोबर सरकत जातो, त्यामुळे खाडीच्या एका काठाला धुऊन काढताना दुसरा काठ कोरडा राहू शकतो. शिवाय समुद्रावरून येणारी दमट हवा येऊर किंवा पारसिकच्या डोंगराला अडली की वर चढते, थंड होते आणि पावसाला जोर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही ठिकाणे एकाच मुंबईतली.

म्हणूनच एका शहराला एक मापक पुरत नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र मापक झाडाखाली किंवा भिंतीला लागून ठेवू नये. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवे. चाळीस मीटर उंच इमारत असेल तर ऐंशी मीटर. आपल्याकडे एवढी मोकळी जागा आता बहुधा शाळांच्या मैदानांवरच उरली आहे. ज्या शाळेला शक्य असेल तिने तिथला एक कोपरा मापकासाठी राखावा आणि मुलांना रोज ८.३० ची नोंद वहीत करायला सांगावी.