वळणाखालची आडवाट

फळ्यावर घोड्याच्या नालेसारखं एक वळण काढलंय. हा ओढा. इथून येतो, अशी लांब फेरी मारतो आणि जवळजवळ निघाला तिथेच परत येऊन पुढे जातो. मधे उरते ती जमिनीची जीभ, आणि ती जिथे सगळ्यात बारीक होते ती तिची मान. आज मी मुख्यतः या मानेबद्दल बोलणार आहे.

हिशेबाला सोपे जातील असे आकडे घेऊ. फेरी ४०० मीटरची आणि तेवढ्यात पाणी ४० सेंटिमीटर खाली उतरतं. म्हणजे उतार हजारात एक, नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही. आता मानेवर येऊन उभे राहा. मान २० मीटर रुंद आहे. डावीकडच्या पाण्याची पातळी उजवीकडच्यापेक्षा तेच ४० सेंटिमीटर वर, पण मधलं अंतर फक्त २० मीटर. उतार झाला पन्नासात एक. वीसपट! पाण्याचं काय, उतार दिसला की ते निघालं. जमिनीवरून वाट नाही, म्हणून ते डाव्या काठात शिरतं आणि वाळूतून थेट उजवीकडे बाहेर पडतं.

थेट म्हणजे लवकर, असं आपण धरून चालतो. इथे तसं होत नाही. फ्रान्समधल्या दिजों शहराला पाणी आणून देणारा हेन्री डार्सी नावाचा इंजिनिअर होता. वाळू भरलेल्या नळातून पाणी सोडून त्याने एक साधा नियम काढला आणि १८५६ साली छापला: पाणी किती जाईल हे उतारावर आणि वाळू किती मोकळी आहे यावर ठरतं. जाडसर वाळू घेतली तर आपल्या पन्नासात एक उताराला दिवसाला साधारण १ मीटर असा हिशेब येतो. पण पाणी जातं ते कणांमधल्या फटींतून. फटींचा वाटा एक चतुर्थांश धरला, तर फटींतला खरा वेग दिवसाला ४ मीटर. म्हणजे २० मीटर जायला ५ दिवस. आणि वरून जाणारं पाणी? सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने ते ४०० मीटरची फेरी १३ मिनिटांत उरकतं.

जवळच्या वाटेने गेलेलं पाणी पाच दिवस उशिरा पोचतं. ते जिभेच्या टोकाजवळून गेलं तर महिने लागतात, कारण तिथे वाट लांब आणि उतार कमी. वाळूच्या जागी चिकणमाती असली तर हजारो वर्षं. त्यामुळे वळणाच्या खालच्या अंगाला काठातून जे पाणी परत ओढ्यात येतं, त्यात गेल्या आठवड्याचं, गेल्या महिन्याचं आणि गेल्या वर्षीचं, सगळंच मिसळलेलं असतं.

हे झालं आडवं जाणं. तसंच उभंही चालतं. डोह संपून खळाळ सुरू होतो तिथे पाणी तळातल्या गोट्यांत शिरतं आणि खळाळ उतरला की परत वर येतं. सामन मासे गोट्यांत अंडी पुरतात ती बहुतेकदा अशाच जागी, कारण पुरलेल्या अंड्यांपर्यंत हवा मिसळलेलं पाणी पोचावं लागतं.

हे मोजायचं साधन अगदी गावठी वाटेल असं आहे. लोखंडी पिंप आडवं कापायचं, झाकणाकडचा तुकडा उघड्या तोंडाने तळाच्या वाळूत दाबायचा, वरच्या भोकाला नळी लावून तिला मोजून पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. तासाभराने पिशवी फुगली तर भूजल वर येतंय, आकसली तर ओढ्याचं पाणी खाली जातंय. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पिशवी पार रिकामी झाली. ओढा जमिनीला केवढं पाणी देतोय म्हणून आम्ही खूश! मग पिशवी उजेडात धरली, तर तिला भोक. नवी पिशवी लावून पुन्हा मोजलं, तर ती फुगली. तेच पिंप उचलून दहा पावलांवर रोवलं, आणि तिथे मात्र ती खरोखरच आकसली. एकच ओढा, एकच दुपार, इथे घेतोय आणि दहा पावलांवर देतोय. 'हा ओढा भूजल घेतो की देतो?' असा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारतो, कुठल्या पावलावर?

पिंप नसेल तर थर्मामीटर चालतो. ओढ्याचं पाणी दुपारी तापतं, पहाटे गार होतं. पाणी खाली जात असेल तिथे हा चढउतार तळात खोलवर पोचतो. भूजल वर येत असेल तिथे वीतभर खाली दिवसरात्र तापमान जवळपास तेच राहतं.

ओढ्याचं पाणी आणि भूजल जिथे असं मिसळतं, त्या थराला शास्त्रात हायपोऱ्हेइक पट्टा म्हणतात. ट्रायन ऑर्गिदान या रोमानियन जीवशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये या नावाने तो जगासमोर ठेवला. मूळ ग्रीक अर्थ 'प्रवाहाखालचा'. मी आपला पाझरपट्टा म्हणतो. हा पट्टा किती रुंद असावा? अमेरिकेत माँटाना राज्यातल्या फ्लॅटहेड नदीकाठी स्टॅनफर्ड आणि वॉर्ड या संशोधकांना नदीपासून सुमारे २ किलोमीटर लांबच्या विहिरींत नदीतल्या स्टोनफ्लाय किड्यांच्या अळ्या सापडल्या. ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. नदी कुठे संपते, हे त्या अळ्यांना विचारावं.

आता त्या पाच दिवसांत पाणी करतं काय? खरं तर ते नाही, वाळूच्या कणांवर बसलेले जिवाणू करतात. आधी ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तो संपला की श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. शेतातून वाहून आलेल्या खताचा काही भाग असा परस्पर नाहीसा होतो. पण त्याला वेळ लागतो, आणि जिवाणूंना खायला कुजका पालापाचोळाही लागतो. वाट फार छोटी असली तर उलटंच होतं: ऑक्सिजन शिल्लक असतो, अमोनियाचं नायट्रेट बनतं आणि शिरलं त्यापेक्षा जास्त नायट्रेट घेऊन पाणी बाहेर येतं. म्हणून 'वाळू पाणी गाळून शुद्ध करते' हे सरसकट वाक्य मला पटत नाही. किती वेळ, ते आधी सांगा.

मान कापून ओढा सरळ केला की काय होतं, ते आता फळ्यावरच दिसेल. ही रेघ पुसतो, ही सरळ ओढतो. पाणी झटकन जातं, पुराची भीती त्या जागी कमी होते, हे खरं. पण इकडची पातळी आणि तिकडची पातळी असा फरकच उरला नाही, मग काठात शिरायला पाण्याला कारण काय? त्यात बारीक गाळ तळावर बसून फटी बुजल्या, तर उभी देवघेवही मंदावते. मोठा पूर तो थर खरवडून नेतो. पूर अडवले की तेही होत नाही.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, काठातून पाझरणाऱ्या पाण्यावर तांबूस साका आणि तेलासारखा तवंग दिसतो, तो कारखान्याचा का? कधी असतोही. पण नायट्रेटही संपल्यावर जिवाणू मातीतल्या लोहाकडे वळतात, ते विरघळून पाण्याबरोबर येतं आणि बाहेर हवा लागली की गंजासारखं साचतं. वरचा तवंग काडीने ढोसून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहाचा. फिरून एक झाला तर तेलाचा.