मामाजींची एंट्री कुठं गेली? घरच्या डीव्हीडी वाचवण्याबद्दल

बसा बसा, मागचे समोर या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत. अध्यक्षसाहेब म्हणाले अर्धा तास, म्हणजे भजन मंडळाची पेटी येईपर्यंत. तर विषय, डीव्हीडीचा बॅकअप घ्यायचा तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. रोज कोणीतरी दुकानात येऊन विचारते, भाऊ हँडब्रेक चांगलं का मेकएमकेव्ही चांगलं, अन् मी म्हणतो आधी डिस्क दाखव. डिस्क पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअर सांगणं म्हणजे नाडी न पाहता गोळी देणं, अन् तसे डॉक्टर आपल्याकडं काही कमी नाहीत, हसू नका, एक समोरच बसले आहेत.

आता झाडीपट्टीतल्या माणसांना मी काय सांगू, दिवाळी झाली की मंडई, शंकरपट अन् रात्रभर नाटक. मधे बरीच वर्षं गावोगाव शूटिंगवाले होते, लग्न असो का नाटक, शूटिंग झालं की डीव्हीडी. प्रत्येक घरी कपाटात असतील, वरतून मार्करनं 'बबलूचे लग्न भाग २' लिहिलेल्या. भाग १ कोणाकडं गेला ते बबलूलाही माहीत नसते.

तर आमच्या ओळखीचे एक मामाजी. नाटकात खलनायक करायचे, काय आवाज होता बाप्पा, पोरं रडायची. त्यांच्या नाटकाची डिस्क होती, ती घेऊन ते तालुक्याला एका दुकानात गेले, पेनड्राइव्हमधी टाकून द्या म्हणे. दुकानदारानं पैसे घेतले, पाच मिनिटांत पेनड्राइव्ह दिला. मामाजींनी घरी पाहुणे बोलावले, चिवडा-चहा झाला, टीव्ही लावला. नांदी झाली, पहिलं गाणं झालं, नायिका विहिरीवर आली, अन् खतम. पडदा काळा. मामाजी म्हणे, "अबे माही एंट्रीच नाही ना! काहून कापली बे?" त्यांना वाटलं विरोधी पार्टीवाल्यानं मुद्दाम कापली, हे नाटकातले लोक. त्यात जे दिसलं तेही बेढब, सगळे कलाकार दाबल्यासारखे बुटके, अन् हात हलवला की हाताला कंगव्याचे दात.

झालं काय होतं? डीव्हीडी उघडली की त्यात व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर असते, अन् आतमधी व्हीओबी फाइली. एक व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही, नियमच आहे तसा, म्हणून दोन-अडीच तासांच्या शूटिंगचे चार-पाच तुकडे होतात. दुकानदारानं पहिला तुकडा कॉपी केला अन् नाव बदलून एमपीजी केलं. मामाजी तिसऱ्या तुकड्यात होते. बुटकेपणा स्क्रीनच्या मापाचा, ४:३ का १६:९ ते त्यानं पाहिलंच नाही. अन् कंगवा काहून, तर आपले जुने कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रं घ्यायचे, एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. जुन्या डब्बा टीव्हीवर ते बरोबर दिसते, नव्या स्क्रीनवर दात निघतात. त्याला डीइंटरलेस म्हणून फिल्टर आहे, हँडब्रेकमधीच, एक टिक. पण टिक मारायला मन पाह्यजे.

बरं झालं मामाजींनी मूळ डिस्क फेकली नव्हती, पण तिच्यावर टूथपेस्ट घासली होती, कोणीतरी सांगितलं म्हणून. गोल गोल घासली. ताई, लिहून घ्या, डिस्क मधातून बाहेर सरळ पुसायची, मऊ सुती कपड्यानं. गोल पुसलं अन् ओरखडा पडला तर तो डेटाच्या रेषेबरोबर पळतो, मग तेवढा डेटा ड्राइव्हला सावरून घेता येत नाही. अन् उन्हात टिनाच्या खोलीत ठेवू नका, चंद्रपूरच्या मे महिन्यात माणूस टिकत नाही, लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर काय टिकणार.

काय? दहा मिनिटं? बरं बरं, आता भरभर.

माझं म्हणणं एकच, आधी डिस्क जशीच्या तशी पूर्ण उतरवा, आयएसओ फाइल करा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, मग तिची लहान फाइल करायची तर करा. भात शिजला की परत तांदूळ होत नाही. घरच्या डिस्कला कॉपी रोखणारं कुलूप नसते, म्हणून चांगली डिस्क असेल तर विंडोजवर इमगबर्न, फुकट आहे, २०१३ नंतर नवीन आलं नाही पण काम करते. डिस्क खराब असेल तर लिनक्सचं डीडीरेस्क्यू, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, कॉम्प्युटरमधल्या विंडोजला हात लावायची गरज नाही. ते आधी चांगला भाग वाचून घेते, खराबाकडं मागून येते, अन् काय वाचलं काय राहिलं हे एका मॅप फाइलमधी लिहून ठेवते. म्हणजे लाइन गेली तरी आल्यावर तिथूनच पुढं. अन् त्याहून मजा, मुलीकडची अन् मुलाकडची डिस्क एकाच मास्टरवरून लिहिलेली असेल तर पहिली लावा, मग त्याच फाइलवर दुसरी लावा, पहिलीतले खड्डे दुसरी भरते. लग्नाच्या व्यवहारात दोन्हीकडच्यांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असेल.

ज्या डिस्क कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात त्या बहुतेक डीव्हीडी रेकॉर्डरवरच्या, फायनलाइज न केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क बंद करायची राहिलेल्या. त्याच रेकॉर्डरमधी टाकून करा, रेकॉर्डर भंगारात गेला असेल तर आयसोबस्टर, अशा डिस्कमधून फाइली काढायचं सॉफ्टवेअर.

लहान करायला हँडब्रेक, आरएफ म्हणजे क्वालिटीचा आकडा, १८ ते २० ठेवा, डीइंटरलेस चालू. मेकएमकेव्ही दाबत नाही, नुसते तुकडे जोडून एका फाइलमधी भरते, जागा असेल तर तेच बरं. डीव्हीडी श्रिंक विसरा, ते ८.५ जीबीचा सिनेमा ४.७ च्या डिस्कवर कोंबायला होतं, २००४ चा माल. दुकानातल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असते, ते हँडब्रेक स्वतः तोडत नाही, अन् हक्क मोडायच्या इराद्यानं तोडलं तर २०१२ पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. तो विषय मी आज घेत नाही.

आली का पेटी? आली. ज्यांच्याकडं दोन्ही घरच्या डिस्क आहेत त्यांनी रविवारी वाचनालयात आणा, बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मी आणतो, हार्ड डिस्क ज्याची त्यानं.