चुकलेली गोळी पडते कुठे?

मंडळी, वॉरगेम म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी खेळायची लढाई, हे सांगत बसत नाही, पुढच्या दोन्ही रांगा स्वतः खेळणाऱ्या आहेत. माझं म्हणणं एकच आहे. नेम चुकला की आपले नियम ती गोळी नाहीशी करून टाकतात. फाशावर चार किंवा त्याहून जास्त पडलं तर लागली, नाहीतर "चल, पुढचा". अहो, पण ती गेली कुठे?

इथून बाहेर पडून मान वर करा, साताऱ्याचा किल्ला अजिंक्यतारा दिसेल. 1700 सालचा एप्रिल. खाली औरंगजेबाची छावणी, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. महिनोन् महिने वेढा चाललेला. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाजवळ सुरुंग भरले. पहिला उडाला, तट आत कोसळला, मराठे गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले! (आमच्या पोरांनी त्यांच्यासाठी 'एकदा फासा पुन्हा टाकायचा' असा खास नियम मागितला. मी लगेच दिला. असा किल्लेदार असेल तर द्यायलाच हवा.) मग दुसरा उडाला आणि तट बाहेर आला, तो थेट हल्ल्याच्या तयारीत थांबलेल्या मोगलांच्या अंगावर. शेकडो माणसं दगडांखाली गेली.

आता कुणी म्हणेल, सुरुंग म्हणजे काही नेम धरून मारलेली गोळी नव्हे. मान्य. पण ती माणसं तटाला इतकी खेटून का थांबली होती, हे बघा. खिंडार पडताच आधी घुसायचं तर जवळ थांबायला हवं, आणि जीव राखायचा तर लांब. सेनापतीचा खरा पेच हाच. माझ्याकडच्या एका नियमपुस्तिकेत सुरुंग फसला तर फक्त 'परिणाम नाही' एवढंच लिहिलंय. मग टेबलावर सगळेच तटाला चिकटतात! त्यात डावपेच कुठे राहिला? या गोष्टीवरून मी गेली कित्येक वर्षं भांडतोय, आणि पुढेही भांडणार आहे.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या 1913 सालच्या वॉरगेममध्ये स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून खरोखर लाकडी नळकांडं उडायचं. नेम चुकला तरी ते दुसऱ्या कुणाला पाडू शकायचं, वाद संपला. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅटच्या आरमारी खेळात अंतर डोळ्यांनी अंदाजायचं आणि गोळे पडले तिथे खुणा रोवायच्या. म्हणजे चुकलेला गोळाही पुढचा नेम सुधारायला कामी यायचा. वॉरहॅमर 40,000 या भविष्यातल्या युद्धाच्या खेळात बाणांचा फासा होता, दोन बाजू 'लागला', चार बाजूंवर दिशा. 2017 च्या आवृत्तीत तो काढला, खेळ वेगवान झाला. वेगाची अडचण खरीच आहे. दहा बंदुकांत सरासरी पाच चुकणार, प्रत्येकीमागे कोण धावणार?

म्हणून माझी सूचना अशी: नेमाच्या रेषेपासून दोन इंचांच्या आत आपलं माणूस असेल तरच चुकलेल्या गोळीचा दुसरा फासा टाकायचा. एक पडला तर त्याला लागली, नाहीतर सोडून द्या. तोफेला मात्र हे पुरणार नाही. तिचा गोळा डावी-उजवीकडे कमी आणि मागे-पुढे जास्त चुकतो, त्यामुळे तिथे फासा दिशेचा नको, अंतराचा हवा. तक्ता माझ्याकडे आहे. चहाच्या वेळी ज्याला हवा त्याने फोटो काढून घ्या, आणि पटला नाही तर तिथेच भांडा.