राष्ट्रपतिपदासाठी नावं कशी निघतात, कुठे अडतात

[दृश्य : विमानाच्या पहिल्या रांगेत ठेवलेली मतपेटी, शेजारी सोबतचा अधिकारी]

पहिल्या रांगेतल्या या पेटीचं रीतसर तिकीट निघालेलं आहे. प्रवाशाचं नाव : मिस्टर बॅलट बॉक्स. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतपेटी सामानाच्या कप्प्यात टाकत नाहीत. ती अधिकाऱ्याच्या नजरेसमोर, त्याच्या शेजारी बसून जाते. २०२२ च्या जुलैत दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांकडे पेट्या अशाच गेल्या.

पुढची निवडणूक २०२७ ची. द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ २४ जुलै २०२७ ला संपतो. नावांच्या पुड्या मात्र त्याच्या कितीतरी आधीच सुटायला लागतात. कुणी राज्यपाल, कुणी माजी सभापती, कुणी निवृत्त न्यायमूर्ती. वाहिन्यांवर चौकटीत सहा-सहा चेहरे. अंदाज बांधायला हरकत काहीच नाही, पण चेहऱ्यापासून सुरुवात केली की तो हमखास चुकतो. सुरुवात करायची ती आकड्यापासून.

[दृश्य : विधान भवन, मुंबई, सभागृहाच्या रिकाम्या बाकांवरून फिरणारा कॅमेरा]

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार, आणि या सभागृहातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. हिशेब असा : १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने. उत्तर १७५.०४. अपूर्णांक निम्म्यापेक्षा कमी असेल तर सोडून द्यायचा, म्हणून १७५. गोव्यात हेच गणित १९.८८ येतं, ते वर जाऊन २० होतं. उत्तर प्रदेशात २०८. सिक्कीममध्ये ७.

२८८ गुणिले १७५, म्हणजे महाराष्ट्राची ५०,४०० मतं. उत्तर प्रदेशाच्या ८३,८२४ खालोखाल देशातला हा सगळ्यात मोठा गठ्ठा आहे. विधान परिषदेच्या आमदारांना इथे मत नाही. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ सदस्यांनाही नाही.

खासदाराचं मूल्य उलट्या बाजूने निघतं. सगळ्या राज्यांतल्या आमदारांच्या मतांची बेरीज घ्यायची आणि तिला निवडून आलेल्या ७७६ खासदारांनी भागायचं. २०२२ मध्ये ते ७०० आलं, त्याआधी ७०८ होतं. फरक पडला जम्मू-काश्मीरची विधानसभा तेव्हा अस्तित्वात नसल्यामुळे. आता तिथे विधानसभा आहे, पण गाठ सुटलेली नाही : जम्मू-काश्मीर आता केंद्रशासित प्रदेश आहे, आणि या निवडणुकीचे मतदार ठरवणाऱ्या राज्यघटनेच्या ५४ व्या कलमात केंद्रशासित प्रदेशांपैकी दिल्ली आणि पुदुच्चेरी या दोघांचीच नावं आहेत.

आणि १९७१ च का? कारण लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन त्यापायी घटू नये. हा गोठवलेला आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत चालेल, असं घटनेत लिहिलं आहे. त्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७, निवडणुकीच्या जेमतेम साडेचार महिने आधी. नव्या लोकसंख्येने काय होतं, याची कल्पना २०११ चे आकडे घालून येते. उत्तर प्रदेशाचा आमदार २०८ वरून ४९६ वर जातो, महाराष्ट्राचा १७५ वरून ३९०, केरळचा १५२ वरून २३९. म्हणजे आज उत्तर प्रदेशाच्या आमदारापुढे केरळच्या आमदाराचं वजन पाऊण भरतं, ते निम्म्याच्याही खाली येतं. ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांना हे बक्षीस. २०२७ च्या मतदानाला कुठली लोकसंख्या धरणार, हे जनगणनेचे आकडे कधी प्रसिद्ध होतात त्यावर ठरेल. नावांच्या चर्चेत याचा उल्लेखही सहसा नसतो.

[दृश्य : मलबार हिल, राजभवनाचं (आता लोकभवन) प्रवेशद्वार, मागे समुद्र]

आता नावं. चर्चा पहिली वळते ती राज्यपालांकडे, आणि त्याला कारण आहे. लाभाचं पद असलेली व्यक्ती राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवू शकत नाही. पण राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांची पदं त्यातून घटनेनेच वगळली आहेत. पक्षाच्या रोजच्या धबडग्यापासून दूर, तरी पक्षाच्या विश्वासातला माणूस राजभवनात आयता सापडतो. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल होत्या, रामनाथ कोविंद बिहारचे. मुर्मू झारखंडच्या राज्यपालपदावरून २०२१ मध्ये उतरल्या होत्या.

मलबार हिलच्या या पत्त्याचा अनुभव संमिश्र आहे. शंकर दयाळ शर्मा इथून उपराष्ट्रपती झाले, पुढे १९९२ मध्ये राष्ट्रपती. तेव्हाचे इथले राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव २००२ मध्ये वाजपेयींच्या आघाडीकडून जवळजवळ पक्कं मानलं जात होतं. काँग्रेस तयार झाली नाही. मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं नाव सरकलं, तेही मागे पडलं, आणि जूनमध्ये अचानक ए. पी. जे. अब्दुल कलाम. ९,२२,८८४ मतं. समोर कॅप्टन लक्ष्मी सहगल होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये याच राजभवनातून सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदावर गेले, ३०० विरुद्ध ४५२ मतांनी. साहजिकच २०२७ च्या अंदाजात त्यांचं नाव घेतलं जाणार. सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले हे खरं, पण त्यातले शेवटचे के. आर. नारायणन, १९९७. त्यानंतर ही शिडी कुणाच्या कामी आलेली नाही. विद्यमान राष्ट्रपतींनाच पुन्हा संधी, हा अंदाज त्याहून कच्चा : दुसऱ्यांदा निवडून आले ते एकटे राजेंद्र प्रसाद.

[दृश्य : जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फाइली, २००७ च्या जूनची पानं उलटणारे हात]

ही पानं २००७ ची. मथळ्यात पहिलं नाव शिवराज पाटील यांचं. लातूरचे, तेव्हा केंद्रात गृहमंत्री, काँग्रेसच्या पसंतीचे. डाव्यांनी हात वर केला नाही, आणि डाव्यांशिवाय बेरीज होत नव्हती. सुशीलकुमार शिंदे, करण सिंह ही नावं आली-गेली. १४ जूनला प्रतिभाताईंचं नाव जाहीर झालं. तोवर यादीत ते कुठेच नव्हतं. जळगावच्या उमेदवारासाठी शिवसेनेने भाजप आघाडीची साथ सोडली. समोर भैरोसिंह शेखावत, तेव्हाचे उपराष्ट्रपती, मुरलेले राजकारणी, ते पडले.

२०१२ ला शिवसेनेने पुन्हा तेच केलं, प्रणव मुखर्जींना मतं दिली. आणि जुलै २०२२ मध्ये, पक्ष उभा फुटल्यावर, उद्धव ठाकरे यांनी विरोधी आघाडीत असूनही मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. तीन वेळा तीन वेगवेगळी कारणं. म्हणून महाराष्ट्रातल्या मित्रपक्षांची मतं आघाडीच्या खात्यात आधीच मांडून ठेवणाऱ्यांनी पेन्सिल वापरावी.

२०२२ चा जून क्रमाने बघण्यासारखा आहे. १५ तारखेला दिल्लीत विरोधी पक्षांची बैठक. शरद पवारांनी नाव मागे घेतलं. १८ ला फारूक अब्दुल्लांनी. २० ला गोपालकृष्ण गांधींनी. २१ ला यशवंत सिन्हा ठरले आणि त्याच रात्री भाजपने मुर्मूंचं नाव जाहीर केलं. इकडे शिवसेनेचे फुटलेले आमदार त्या दिवशी सुरतेत होते, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर गेली.

भाजप आघाडीला स्वतःच्या बळावर थोडी मतं कमी पडत होती. ओडिशाच्या आदिवासी नेत्या उमेदवार म्हटल्यावर बिजू जनता दलाची सुमारे ३१ हजार मतं लगेच आली. झारखंड मुक्ती मोर्चा राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत, तरी त्यांनाही नाही म्हणता येईना. उमेदवार निवडताना बघतात ते हे : समोरच्या गोटातल्या कुठल्या पक्षाला या नावाविरुद्ध मत देणं जड जाईल? मुर्मूंचं नाव २०१७ मध्येही चर्चेत होतं. तेव्हा कोविंद निवडले गेले. नाव तेच, गरज पाच वर्षांनी आली.

[दृश्य : १९६९ चं कृष्णधवल चित्रण, संसद भवनाबाहेर वाहनांची रांग]

अंदाज पुरता उलटापालटा झाला तो १९६९ मध्ये. झाकीर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालं. काँग्रेस संसदीय मंडळाने बंगळूरला नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं, इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. आणि तिसरे उमेदवार होते आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मतं मागायला गेले (इथे मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतो). इंदिराजींनी तेवढं निमित्त धरलं आणि सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हणून सांगितलं.

पहिल्या पसंतीची मोजणी : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. वैध मतांच्या निम्मे अधिक एक, म्हणजे कोटा ४,१८,१६९. गिरींना १६,६५४ कमी. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटायला सुरुवात झाली. देशमुखांचा गठ्ठा उघडला आणि बहुतेक पत्रिका रेड्डींकडे गेल्या. सगळं वाटप संपल्यावर रेड्डींची वाढ ९१,८७९, गिरींची फक्त १८,५६२. तेवढी पुरली. ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली ही एकमेव राष्ट्रपती निवडणूक. पुढे काँग्रेस फुटली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले; ३७ अर्ज आले होते, ३६ छाननीत बाद झाले.

[दृश्य : नामनिर्देशनपत्र, सह्यांच्या रकाने भरलेली पानं, जवळून]

असे हौशी अर्ज तेव्हा ढिगाने येत. १९६७ ला रिंगणात १७ जण होते, त्यातल्या ९ जणांना एकही मत पडलं नाही. १९७४ मध्ये १० सूचक, १० अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत ही अट आली. १९९७ पासून ५० सूचक, ५० अनुमोदक, १५,००० रुपये. सूचक-अनुमोदक हे मतदारच हवेत, म्हणजे निवडून आलेले खासदार किंवा आमदार. एका मतदाराला एकाच अर्जावर सही करता येते. दुसऱ्यावर केली तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची तेवढी धरतात. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. अर्जासोबत मतदारयादीतल्या स्वतःच्या नावाची प्रमाणित प्रत लागते. ती नसली किंवा सह्या ५० पेक्षा कमी भरल्या की अर्ज गेला. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मतं मिळाली तर अनामतही जाते. १०० सह्या म्हणजे पाठीशी पक्ष हवाच. त्यामुळे १९९७ पासून प्रत्येक लढत दुहेरी झाली आहे.

[दृश्य : मतदान कक्ष, टेबलावर जांभळ्या शाईचं पेन, गुलाबी मतपत्रिका]

खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. चिन्ह नाही. दोन रकाने : एकात नाव, दुसऱ्यात पसंतीचा क्रम. खिशातलं पेन बाहेर काढून ठेवायचं आणि आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने आकडा लिहायचा. आकडा मराठीत लिहिलेला चालतो, रोमनही चालतो. अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद. दोघांपुढे १ लिहिला, बाद. सही केली किंवा ओळख पटेल अशी खूण केली, बाद. पक्षादेश इथे काढता येत नाही, आणि मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवायची नसते. राज्यसभेच्या निवडणुकीत दाखवावी लागते. तिथून आलेल्या सवयीने घोटाळा होतो.

२०२२ मध्ये १५ खासदारांची मतं बाद झाली, प्रत्येकी ७०० ची. विधान भवनात २८३ आमदारांनी मतदान केलं : मुर्मू १८१, सिन्हा ९८, बाद ४. कायदे करणाऱ्यांना १ लिहिता येत नाही, यावर वेगळं बोलायची गरज नाही.

[दृश्य : लाखेचं सील लागलेल्या पेट्या, संसद भवनात मोजणी]

नावावर एवढा खल होतो त्याला कारण आहे : राष्ट्रपतींचा स्वतःचा निर्णय लागतो तो लोकसभा त्रिशंकू झाल्यावर, कुणाला आधी बोलवायचं ते ठरवताना.

२०२७ चा अंदाज बांधायचा तर वाट बघावी लागते ती उत्तर प्रदेशाच्या निकालाची. तिथली निवडणूक वर्षाच्या सुरुवातीला आहे, सोबत पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोवा. उत्तर प्रदेशात ५० जागा इकडच्या तिकडे झाल्या तर १०,४०० मतं हलतात. गोव्याच्या ४० च्या ४० जागा फिरल्या तरी ८००. मग अधिसूचना : कार्यकाळ संपायच्या ६० दिवस आधीपासून, म्हणजे मेच्या अखेरीपासून ती कधीही काढता येते. गेल्या वेळी निघाली १५ जूनला. तिथून १४ दिवस अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीपासून निदान पंधरा दिवसांनी मतदान. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात. मुर्मूंच्या पहिल्या अर्जावर सूचक म्हणून पंतप्रधानांची सही होती. २०२७ मध्ये अर्जांचे संच टेबलावर आले की ५० सूचकांच्या यादीत मित्रपक्षांची किती नावं आहेत, तेवढी मोजायची.