इटलीच्या वेगवान रेल्वेचं स्वस्त तिकीट: कधी घ्यायचं, कधी थांबायचं

नमस्कार मंडळी!

रोम ते फ्लॉरेन्स. दीड तासाचा प्रवास, गाडी ताशी २५० किलोमीटरपर्यंत पळते. एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांपैकी एकाने साधारण २० युरो दिलेले असतात आणि दुसऱ्याने ५० च्या वर. सीट तीच, खिडकी तीच. आज बोलू या की हा फरक कुठून येतो आणि कमी पैसे देणारे आपण कसे होऊ. मी मुद्दाम फक्त इटली घेतोय, कारण आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांच्या यादीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हमखास असतं.

आपल्याला सवय आयआरसीटीसीची. बहुतेक गाड्यांना ६० दिवस आधी काढा नाहीतर आठवडाभर आधी, भाडं तेच. धाकधूक असते ती सीटची: कन्फर्म, आरएसी की वेटिंग. इटलीत वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. सीट बहुतेक वेळा मिळते, पण तोपर्यंत भाडं चढलेलं असतं, अगदी विमानासारखं. प्रत्येक गाडीत स्वस्त तिकिटं मोजकीच ठेवलेली असतात. ती संपली की वरचा दर सुरू.

[स्क्रीनवर: इटलीची सरकारी रेल्वे कंपनी ट्रेनइटालिया, तिचं तिकिटाचं पान]

इथे नीट बघा, कारण घोळ नेमका इथेच होतो. वर दिसतंय स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस. हे झाले डब्याचे वर्ग. त्याखाली बेस, इकॉनॉमी, सुपर इकॉनॉमी. इकॉनॉमी म्हटलं की आपल्याला वाटतं, साधा डबा असेल. तसं नाही! त्या तिकिटाच्या अटी आहेत. बेस महाग, पण गाडी सुटेपर्यंत वेळ बदलता येते. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण बदल नाही आणि परतावाही नाही. गाडी चुकली की पैसे गेले. इकॉनॉमी या दोघांच्या मधली. त्यामुळे कधीकधी प्रीमियममधलं सुपर इकॉनॉमी तिकीट स्टँडर्डच्या बेसपेक्षा कमी पैशात मिळून जातं. पहिला दर दिसला की लगेच पुढे जाऊ नका, सगळे चौकोन एकदा बघा.

आता दुसरी कंपनी. सरकारी ट्रेनइटालियाची गाडी म्हणजे फ्रेच्चारोसा. तिच्या समोर २०१२ पासून इतालो नावाची खासगी कंपनी त्याच रुळांवर, बऱ्याचशा त्याच स्थानकांतून गाड्या चालवते. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मिलान, व्हेनिस, नेपल्स सगळीकडे. या चढाओढीचा फायदा थेट प्रवाशाला होतो. म्हणून दोन्ही वेबसाइट शेजारी शेजारी उघडा आणि तीच तारीख टाका. तिकिटं विकणारी इतर ॲप्स दोन्ही एकत्र दाखवतात, तुलनेला ती चांगली. पण काही ॲप्स वर स्वतःचं शुल्क लावतात, म्हणून पैसे भरताना मी मूळ कंपनीच्याच साइटवर जातो. पुढे काही बदल करायचा झाला तर तेच सोपं पडतं.

स्थानकांची नावं इटालियनमध्ये टाका. फिरेन्झे सांता मारिया नोव्हेला म्हणजे फ्लॉरेन्सचं मुख्य स्थानक. मिलानो चेंत्राले, रोमा तेर्मिनी. व्हेनिसचं मात्र जपून! व्हेनेत्सिया मेस्त्रे हे अलीकडे, जमिनीवरच्या भागात आहे. कालव्यांचं व्हेनिस बघायला उतरायचं ते सांता लुचियाला. हॉटेल कुठे घेतलंय त्यावर स्थानक ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे युरोपात राहणारे सल्लागार सांगत नाहीत, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही. व्हिसा! जास्तीत जास्त सहा महिने आधी शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज करता येतो. सगळे म्हणतात, विक्री उघडली रे उघडली की तिकीट घ्या. पण पासपोर्ट अजून दूतावासात असताना चौघांची सुपर इकॉनॉमी तिकिटं काढणं म्हणजे सगळे पैसे पणाला लावणं. माझं स्पष्ट मत आहे: व्हिसा हातात येईपर्यंत परतावा नसलेलं तिकीट घेऊ नका. त्यापेक्षा व्हिसाचा अर्ज लवकर करा. व्हिसा दीड-दोन महिने आधी मिळाला, तर स्वस्त तिकिटं बऱ्याच गाड्यांत शिल्लक असतात, विशेषतः दुपारच्या आणि मंगळवार-बुधवारच्या. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार शक्यतो टाळा.

आणि सगळीच तिकिटं स्वस्तातली घ्यायची नसतात. ज्या दिवशी विमान उतरणार, त्या दिवशी पुढच्या गाडीचं, बदलता न येणारं तिकीट अजिबात नको. विमानाला उशीर, इमिग्रेशनची रांग, बॅगा... आई-बाबा बरोबर असतील तर धावपळ करवतही नाही. फ्युमिचिनो विमानतळावरून रोमा तेर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस जाते. ३२ मिनिटं, तिकीट १४ युरो, आधी घेतल्याने स्वस्त होत नाही. त्या रात्री रोममध्येच राहा. मधल्या दिवसांचे, सकाळी हॉटेल सोडून निघायचे टप्पे मात्र बिनधास्त सुपर इकॉनॉमीत घ्या.

फ्लॉरेन्स ते पिसासारख्या जवळच्या प्रवासाला रेजिओनाले, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारखी गाडी घ्या. तिचं भाडं ठरलेलं असतं, त्याच दिवशी काढलं तरी चालतं. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर दंड होतो. वेगवान गाडीच्या तिकिटावर गाडी आणि सीट आधीच छापलेली असते, तिथे याची गरज नाही.

सवलती: चार वर्षांखालचं मूल ट्रेनइटालियात वेगळी सीट न घेता फुकट. साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे दर असतात, त्याला कंपनीचं मोफत सदस्यत्व लागतं. आई-बाबांच्या नावाने ते आधीच करून ठेवा. युरेल पासचं, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरायच्या एकाच पासचं गणित मात्र मांडून बघा. पास असला तरी इटलीत वेगवान गाडीला सीटचं आरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं. तीन-चार टप्प्यांच्या सहलीला सुटी स्वस्त तिकिटंच परवडतात.

[स्क्रीनवर: बँकेच्या ॲपमधलं कार्डचं पान]

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा ठरवा, काम झालं की बंद करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ही खरेदी निघण्याआधी घरी बसूनच उरका. साइटने रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर त्यांचा असतो, आणि तो बहुधा महागात पडतो.

शेवटचं: संप. इटालियनमध्ये शोपेरो. तिथे रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि परिवहन मंत्रालयाच्या साइटवर तारखा मिळतात. त्या दिवशीही काही लांब पल्ल्याच्या गाड्या हमखास धावतात, त्यांची यादी कंपनी देते. निघण्याच्या आठवड्यात ती साइट उघडून बघा. आणि गाडी उतरायच्या स्थानकावर तासभर किंवा त्याहून उशिरा पोहोचली, तर युरोपीय नियमानुसार भाड्याचे २५ टक्के परत मागता येतात, दोन तासांच्या पुढे ५० टक्के. सुपर इकॉनॉमीलासुद्धा! तिकिटाचा ईमेल तोवर जपून ठेवा.